मधलं पाणी

२९ जून, हेटीटोला

बायकोचा, केसरबाईचा हुकूम झाला आहे. मशीनची गाऱ्हाणी आता फोनवर सांगायची नाहीत, वहीत लिहायची. नोकरीभर फॅक्टरीतली ऐकली, आता निवृत्तीनंतर जंगलातली ऐकणार नाही, असं तिने पोळ्या लाटता लाटता सुनावलं आणि फोन ठेवला. म्हणून ही वही.

तसं आज गाऱ्हाणं काहीच नाही. आज मी फार खूश आहे. भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या टूलरूममध्ये मी केसाएवढ्या फरकावरून पोरांना रडवलं, पण स्वतःचं म्हणावं असं मशीन एकही बनवलं नव्हतं. ते आज चाललं. लोखंडी ढोल, त्याला चहूकडून वाकवलेल्या पात्या, वरून पाण्याचा पडदा पडतो आणि ढोल फिरतो. ढोलावरून पट्टा, पट्ट्यावर धान भरडायची गिरणी. वीज नको, डिझेल नको. धानोऱ्याच्या पुढच्या या डोंगरातून येणारा नाला काय ते दळतो.

ही सगळी रिनाची करणी. रिना म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. एम.टेक. झाली, आणि एका संस्थेसाठी गडचिरोलीच्या नद्या-नाल्यांत किती शक्ती आहे आणि बदलत्या हवामानात ती किती उरेल याचा अभ्यास करते. पार भामरागडपर्यंत मोटरसायकलीवर एकटी हिंडते. तिला नमुन्याचं एक मशीन हवं होतं. ती म्हणाली, "मोठे बाबा, तुमच्याशिवाय कोन बनवन?" झालं, मी विरघळलो.

गिरणी बायकांच्या बचत गटाची आहे. गटाची प्रमुख रंभाबाई, चाळिशीची, बोलायला कमी आणि कामाला वाघीण. पहिला तांदूळ बाहेर आला तेव्हा तिने तो ओंजळीत घेतला आणि कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. आजवर या बायका डोक्यावर पोतं घेऊन नदी ओलांडून पलीकडच्या गावच्या गिरणीला जात. पावसाळ्यात नदी भरली की तेही बंद.

१९ जुलै

अखेरच्या दोन सरी सोडल्या तर जून कोरडा गेला, अर्धा जुलै कोरडा गेला, आणि काल एका दिवसात महिन्याचा पाऊस पडला. नाला मी ओळखलाच नाही. गावाच्या वरच्या अंगाला जुना बंधारा आहे, तिथून पाट निघतो, तो बांध्यांना (धानाच्या खाचरांना इथे बांधी म्हणतात) पाणी देत देत डोंगराच्या कडेने मशीनपर्यंत येतो. तो बंधारा मधोमध फुटला. रिनाने बंधाऱ्यापाशी रोवलेली पाणी मोजायची पट्टी वाहून गेली. मशीनच्या खोलीत गुडघाभर गाळ.

मी चिडून बसलो होतो. इतकं पाणी डोळ्यांदेखत वाहून चाललं आणि त्यातल्या एका थेंबाचाही उपयोग नाही, कारण पुरात मशीन बंदच ठेवावं लागतं. रिनाला फोनवर म्हटलं, एवढ्या पाण्यात अख्खा तालुका उजळला असता. ती म्हणाली, कागदावर उजळतोच. सगळा पाऊस गोळा करून बारा महिन्यांवर वाटला की शक्ती वाढलेलीच दिसते.

२२ जुलै

आज बंधारा बांधला. बांधला म्हणजे मीही बांधला. हातांना फोड आले आहेत, लिहायला त्रास होतो, तरी लिहिणार.

इथली रीत अशी की पाटाच्या पाण्याची पाळी ज्या ज्या घराला आहे, त्या घरातून बंधाऱ्याच्या कामाला एक माणूस यायलाच हवा. म्हातारे दसरूभाऊ दगडावर बसून एकेका घराचं नाव पुकारतात, त्या घरचा माणूस 'हाय' म्हणतो आणि कामाला लागतो. मी छत्री घेऊन बघायला गेलो होतो. सगळी नावं झाल्यावर म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. हा कोणत्या घरचा, त्यांनी विचारलं. लोक हसले. रंभाबाई मात्र हसली नाही.

"मशीनले पानी लागते का नाई? मंग मशीनचं घर पकडा," ती म्हणाली.

दसरूभाऊंनी क्षणभर विचार केला आणि मोठ्याने पुकारलं, "मशीनचं घर!" मी छत्री मिटली आणि 'हाय' म्हटलं.

काय काम करतात ही माणसं! ऐनाचे खुंट ठोकले, मध्ये दगड भरले, दगडांच्या फटींत मुळ्यांसकट गवताची ढेकळं कोंबली. कोणी कोणाला सांगत नाही, ओरडत नाही. मी भल्या भल्या फिटरांच्या हाताखाली काम केलं आहे, पण एवढी माणसं एका हाताने चालल्यासारखी चालताना पाहिली नाहीत. मावळतीला पाट वाहू लागला. पाण्याचा नियमही ठरला. ज्याची पाळी, त्याच्या बांधीचं तोंड उघडं, उरलेलं पाणी मशीनला. मशीनची पाळी आली की सगळ्यांची तोंडं बंद. ही तोंडं उघडायचं-बंद करायचं काम रंभाबाईच्या नवऱ्याकडे, मुखरूकडे आहे.

९ ऑगस्ट

मशीन सुरेख चाललं आहे. पाण्याचा पडदा ढोलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेसारखा एकसंध पडतो. मी खाट टाकून समोर बसतो. केसरबाई म्हणते, लग्नाच्या वेळी माझ्याकडे इतका वेळ बघितलं नाही.

आज संस्थेचे प्रमुख गुणवंतराव नागपूरहून येऊन गेले. शांत, भला माणूस, पण मुद्द्याचा पक्का. मशीन संस्थेचं आहे, तेव्हा त्यांनी गावासमोर स्पष्ट सांगितलं. धानाच्या कापणीपर्यंत मशीन नियमित चाललं तर ते इथेच राहील. नाही चाललं तर ज्या नाल्याला जास्त पाणी आहे तिकडे हलवावं लागेल. शकुबाई म्हणून एक विधवा बाई आहे, पाटाच्या शेवटी, मशीनच्या अगदी वर तिच्या बांध्या आहेत. तिने विचारलं की म्हणजे मशीनची परीक्षा आहे का? गुणवंतराव हसून हो म्हणाले.

मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मशीन उत्तम आहे. नापास व्हायचं कारण नाही.

पाटाच्या शेवटी, मशीनच्या तोंडाशी रिनाने नवी पट्टी लावली आहे. रोज सकाळी तिचा फोटो काढून पाठवायचं काम माझ्याकडे. त्यात ज्याची पाळी असेल त्याच्या बांधीचं पाणी मिळवलं की नाल्याचं एकूण पाणी कळतं, असा तिचा हिशेब. आठपंधरा दिवसांनी ती स्वतः येऊन जाईल.

पोळा

आज वाद झाला. पोळ्याला बैलांना सुट्टी, म्हणून रंभाबाई मशीन चालवेना. मी म्हटलं, बाई, हे लोखंड आहे, याला थकवा येत नाही. ती म्हणाली, बैलासारखं कष्ट करते तर बैलासारखी सुट्टी घेईल. मशीनला तोरण बांधलं, पुरणाचा नैवेद्य दाखवला. मी बौद्ध माणूस, या नैवेद्याचं काय करावं कळेना. शेवटी पुरणपोळी मीच खाल्ली, मशीनच्या वतीने. ती फार चांगली झाली होती हे कबूल करतो.

२१ सप्टेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं एकच होतं आणि ते लिहावंसं वाटत नव्हतं. पाऊस नाही. त्या जुलैच्या तडाख्यानंतर दोनदा शिंतोडे आले, तेवढेच. मशीन कण्हत चाललं आहे. पाण्याचा पडदा विरून चिंध्या झाल्यात, ढोल फिरतो पण गिरणीत धान टाकला की थांबतो.

रिना आली आहे. दिवसभर डोंगरात हिंडली आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून समजावू लागली. पूर्वी इथे पावसाळाभर रिमझिम पडायचं. ते पाणी डोंगरात मुरायचं आणि मग थंडीपर्यंत नाल्यात झिरपत राहायचं. आता पाऊस एकूण तेवढाच पडतो, कधी जास्तही, पण थोड्याच दिवसांत. तो मुरत नाही, धावतो. प्रत्येक साल असंच जाईल असं नाही, पण कल तोच आहे. वैनगंगा-प्राणहितेसारख्या मोठ्या नद्यांची शक्ती कागदावर वाढेल, आणि अशा नाल्यांची मात्र हातातून जाईल.

"मोठे बाबा, तुमचं मशीन ना पुराचं पानी घेते, ना आटलेलं. ते मधल्या पान्यावर चालते. ते मधलं पानीच कमी होऊन राह्यलं."

मग तिने सुचवलं की पाण्याच्या तोंडात पोलादी पत्रा बसवून तिनातले दोन भाग बंद करावेत. थोडं पाणी ढोलाच्या एकाच तुकड्यावर जोरात पडेल. बरोबर असेलही. पण मी भडकलो. पात्यांची ती सरळ रांग मी महिना खपून बसवली. तिच्या तोंडात बूच मारू? तुमची सरासरी चुकली म्हणून माझं मशीन आंधळं करू? नको ते बोललो. पोरगी उठून गेली.

२८ सप्टेंबर

पाणी वाढलं! मी आधीच म्हटलं होतं. पाटाच्या जाळीत पाला अडकला होता तो साफ केला, मशीनच्या तोंडाशी पाणी अडवणारा झापा पुन्हा बसवला, बेअरिंगला वंगण दिलं, आणि चार दिवसांत पट्टीवर पाणी चढलं. गिरणी आज दुपारपर्यंत चालली. मशीनला नाव ठेवण्याआधी माणसाने त्याची निगा राखावी. रिनाला फोटो पाठवले, खाली लिहिलं: पत्र्याची गरज नाही.

मुखरूचं कौतुक करावं तेवढं थोडं. मी सकाळी उठतो तेव्हा तो पाटावरून परत येत असतो, पाय चिखलाने भरलेले. इतकं पहाटे काय काम, विचारलं, तर म्हणाला, "काई नाई भाऊ, जरा तोंडं पाह्यली." असा जबाबदार माणूस मिळायला नशीब लागतं.

शकुबाई हल्ली गिरणीकडे येत नाही. बायकांचं काही बिनसलं असेल. मी त्यात पडत नाही.

६ ऑक्टोबर

आज गुणवंतरावांचा फोन. आकडे बघून फार खूश होते. इतक्या कोरड्या वर्षात लहानसा नाला असं पाणी देत असेल तर शेजारच्या सगळ्या नाल्यांवर अशीच मशीनं बसवू, म्हणाले. आणि बनवायची मी. या वयात! आनंदाने मला जेवण गेलं नाही. केसरबाईला सांगितलं तर ती म्हणाली की एक मशीन असताना तुम्ही घरी येत नाही, जास्त झाली तर मी तुमचं नाव रेशनकार्डावरून काढते.

रिना मात्र आनंदली नाही. मोठे बाबा, पाऊस नाही तर पाणी कुठून आलं, एवढंच तिने विचारलं. मला वाईट वाटलं. आपल्या माणसाचं चांगलं झालेलं हिला का बघवू नये? शिकलेल्या पोरांना पुस्तकाबाहेरचं काही पटतच नाही.

११ ऑक्टोबर

आज हे लिहिताना मला लाज वाटते आहे आणि दुसरंही काहीतरी वाटतं आहे, त्याला काय म्हणावं कळत नाही.

सकाळी पट्टीचा फोटो काढला आणि सहज पाटाच्या कडेने वर गेलो. माझं पाणी कसं येतं ते बघावं, असा गर्वच होता म्हणा. शकुबाईच्या बांध्यांपाशी आलो आणि थांबलो. काल आणि आज तिची पाळी. बांधीचं तोंड उघडं असायला हवं होतं. ते चिखल आणि पळसाच्या ओल्या पानांनी लिंपून बंद केलेलं. आत खालच्या दोन बांध्यांमधली माती तडकली होती. धान निसवायच्या, लोंबी बाहेर पडायच्या बेतात, आणि पाती गुंडाळून पिवळी पडलेली. याच वेळी पाणी मिळालं नाही तर दाणा भरत नाही, एवढं मलाही कळतं.

तसाच वर गेलो. दसरूभाऊंच्या बांधीच्या तोंडात, त्यांच्या पाळीलाही अर्धंच पाणी शिरावं असा दगड बसवलेला. मुखरूच्या स्वतःच्या बांधीलाही तसाच. सगळं पाणी माझ्याकडे.

आधी संतापलो. तणतणत मुखरूच्या घरी गेलो. त्याने मान खाली घातली. रंभाबाईने मला बसायला चटई टाकली, शकुबाईला बोलावून आणलं आणि म्हणाली, तूच सांग. गावाने ठरवूनच केलं होतं. सगळ्यांनी थोडं थोडं पाणी सोडायचं ठरलं, आणि शकुबाईने आपली पाळी पुरीच सोडली. कोणी तिला सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, बाई, तुमचा धान मरतो आहे.

"दोनच बांध्या हायत त्या भाऊ, वरच्या चार बऱ्या हायत," ती म्हणाली. "घरात पोरीची परीक्षा असली त आपन दिवा तिले देतो ना? मंग मशीनले पानी देल्लं. गिरणी गेली त पुन्हा पोतं डोक्यावर आन् नदी. माह्या सुनेचा पाय मोडला त्या नदीत. आता थे लंगडते. दोन बांध्यांनं मी मरत नाई."

ज्या पाण्याला मी माझ्या हातचा गुण समजत होतो ते या बाईचं होतं. आणि मी त्याचे फोटो काढून पाठवत होतो.

१२ ऑक्टोबर

खरं लिहायचं तर रात्र गेली तरी मी ठरवलं नव्हतं. गप्प बसलो तर मशीन राहतं, गिरणी राहते, बायकांची नदी टळते, आणि शेजारच्या नाल्यांची मशीनंही माझीच. बोललो तर गिरणी जाते. ज्यांनी पाणी सोडलं त्यांचीच इच्छा आहे की मी बोलू नये. मग मी कोण मोठा हरिश्चंद्र?

पण तो आकडा डोक्यातून जाईना. त्या आकड्यावर शेजारच्या नाल्यांवर मशीनं बसतील. प्रत्येक नाल्यावर कोणाची तरी खालची बांधी असेल. आणि तिथल्या लोकांना कोणी विचारणारही नाही, कारण नाल्यात पाणी आहे असं कागदच सांगेल.

रिनाला फोन करून सगळं सांगितलं. तिने 'थांबा' म्हणून फोन बाजूला ठेवला. मला वाटलं रागावली. मग कळलं की रडते आहे. तिला संशय होता, पण तिलाही ते पाणी खरं असावं असं वाटत होतं. मी तिची माफी मागितली, त्या दिवशीच्या बोलण्याचीही. ती म्हणाली, मी उद्या येते, तोवर तुम्ही एक काम करा. मी म्हटलं, ते करूनच फोन केला आहे.

खरंच करून आलो होतो. शकुबाईच्या बांधीचं तोंड मी माझ्या हाताने उघडलं. आज पाळी दसरूभाऊंची होती. ते काठी टेकत आले, बघितलं, आणि म्हणाले, "जाऊ दे तिच्याकडं. माहा भारी धान हाय, उशिरा पिकते, अजून दम धरते." पाणी तडकलेल्या मातीत शिरताना बारीक आवाज होतो, तो मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. खाली ढोल थांबला. रंभाबाई गिरणीच्या दारात उभी होती. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

१६ ऑक्टोबर

आज चंद्रपूरला दीक्षाभूमीवर गर्दी लोटली असेल. कळतं तेव्हापासून माझी ही तारीख चुकली नव्हती. केसरबाई एकटी जाऊन आली. तिला सगळं माहीत आहे. मी विचारलं, मशीन गेलं तर? ती म्हणाली, "बाबासाहेबाच्या मानसानं खोटा आकडा पाठवला असता, त मी आज तिथं कोन्या तोंडानं गेली असती?" लग्नाला इतकी वर्षं झाली, बायको अजून मला चकित करते.

१९ ऑक्टोबर

गुणवंतराव आले. मशीन बंदच होतं, आणि आम्ही ते बंदच ठेवलं होतं.

रिनाने बंधाऱ्यापासून सुरुवात केली. आल्या दिवशीच तिने आणखी एक पट्टी तिथे लावली होती. खरं पाणी किती ते दाखवलं, आपले आधीचे आकडे का चुकले ते सांगितलं, दोष स्वतःकडे घेतला. या नाल्याची शक्ती जुन्या सरासरीवर धरली ती चूक, इथे वर्षाचा आकडा बघायचाच नाही, रोजचं पाणी बघायचं, आणि त्यातून आधी धानाचं पाणी वजा करायचं. माझ्या मांडीवर खेळलेली ही पोरगी. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी दुसरीकडे बघत राहिलो.

गुणवंतराव सगळं ऐकून म्हणाले की खरं सांगितलंत, उपकार झाले, बाकीच्या नाल्यांचं काम मी थांबवतो. पण मग हे मशीनही हलवावंच लागेल. शकुबाईने डोळ्याला पदर लावला.

तेव्हा मी उभा राहिलो. म्हटलं, साहेब, धान कापला की बांध्यांना पाणी नको. मग नाल्यात जे काही थोडं असेल ते सगळं मशीनचं. त्या थोड्या पाण्यावर माझं मशीन चालत नाही, कारण त्याचं तोंड मोठं आहे. मी ते अडवतो. दोन भाग पत्र्याने बंद करतो, पावसाळ्यात पत्रा काढतो. ही युक्ती रिनाची आहे आणि मी ती मूर्खपणाने नाकारली होती.

ते म्हणाले, पण ऐन धानाच्या दिवसांत ते बंदच राहणार ना? नियमित म्हणजे नियमित.

यावर रंभाबाई बोलली. "पानी असन तवा चालन, नसन तवा बसन. आमी बी तसेच हावो साहेब. आमाले त कोनी हलवत नाई."

गुणवंतराव खाली बघून हसले. धान चुरून, म्हणजे मळून, झाला की मी पुन्हा येतो, म्हणाले. तोवर मशीन राहील.

३ नोव्हेंबर

पत्रा बसवला. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. तयार मशीनला वेल्डिंगचा चटका देणं म्हणजे नटलेल्या पोरीच्या गालाला डाग देण्यासारखं. मुखरूने पत्रा धरला. झाल्यावर म्हणाला की आता जरा गावातलं दिसते. मला रागच आला, मग हसू आलं.

नाल्यात पाणी मनगटाएवढं आहे. पुरेल का, माहीत नाही. रिनालाही माहीत नाही.

२७ नोव्हेंबर

धान कापून, चुरून झाला. बांध्यांची सगळी तोंडं बंद, मुखरूने या वेळी दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर बंद केली. गुणवंतराव आले, रिना आली, अख्खं गाव जमलं. पहिला नंबर कोणाचा यावर चर्चाही झाली नाही. शकुबाई पोतं घेऊन पुढे आली. तिच्या वरच्या चार बांध्यांचा धान भरघोस निघाला होता, पण तिने आणला होता तो खालच्या दोन बांध्यांचा. पोतं अर्धंही भरलं नव्हतं. मी मूठभर हातात घेतला. निम्मे दाणे पोचट, फुंकर मारली तर उडावेत असे.

मी म्हटलं, बाई, हा कशाला, चांगला आणा. ती म्हणाली, "ह्याच्याच पान्यावर थे चाललं होतं ना. मंग ह्याचाच पयला मान."

झापा उघडला. पाणी अरुंद तोंडातून निघालं आणि ढोलाच्या एका कोपऱ्यावर जाडसर पडलं. ढोल हलला, थांबला, पुन्हा हलला आणि फिरू लागला. पट्टा चढवला. वेग इतका कमी की मला शरम वाटली. धान टाकताना रंभाबाईने हात आखडता घेतला, चिमूट चिमूट टाकावा तसा. ढोल थांबतो की काय म्हणून सगळे पुढे सरकले.

थांबला नाही. कोंडा उडाला, फार उडाला, आणि खाली तांदूळ पडू लागला. गुणवंतरावांनी रिनाला विचारलं, या जागेची शक्ती किती लिहायची. तिने खरा आकडा सांगितला. जुन्या आकड्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. त्यांनी तो लिहिला, खाली लिहिलं, मशीन इथेच राहील, आणि सही केली. बायकांनी आरडाओरडा केला नाही. एकीने दुसरीचा हात धरला, एवढंच मी पाहिलं.

मी शकुबाईपाशी गेलो आणि म्हटलं, फार हळू चाललं आहे, तुमचा खोळंबा होतो. ती पोत्याला टेकून जमिनीवर बसली होती.

"चालू द्या भाऊ," ती म्हणाली. "मी बसतो."

मीही तिच्या शेजारी बसलो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते मी पुसलं नाही, सगळ्यांचीच तीच गत होती. दोघं मिळून ढोलाकडे बघत राहिलो. तिचा शेवटचा दाणा निघेपर्यंत पाणी पुरलं.